झाकण उघडलं की दिवा बंद

३ नोव्हेंबर, सकाळ

पाण्याचं यंत्र आलं. स्वयंपाकघरात नळाच्या वर भिंतीवर बसलं. पांढरंशुभ्र, पुढे झाकण, झाकणावर बोटाच्या पेराएवढी काचेची खिडकी. खिडकीत निळा उजेड. अल्ट्राव्हायोलेट! पाणी आतल्या दिव्याजवळून जातं, जंतू खलास होतात, आपण निर्धास्त. हे कंपनीचं म्हणणं.

माझं म्हणणं मी राखून ठेवलं आहे. उभी नोकरी वजनमापे खात्यात काढली, निरीक्षक म्हणून. चकचकीत काटा दिसला की मी आधी त्याच्या पोटाखाली हात घालायचो. बहुतेक वेळा लोहचुंबक हाताला लागायचं.

पण यंत्र घेण्यावाचून इलाज नव्हता. मागच्या वेळी लेक माझ्या नातीला, छकुलीला घेऊन राहायला आली आणि पोरीचं पोट बिघडलं. सहा महिन्यांचा जीव, मान टाकून पडला होता. डॉक्टरांनी विचारलं, घरात पाणी कुठलं पिता? लेकीने माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून इकडे फिरकलेली नाही. फोन केला की म्हणते, बघू बाबा, सध्या यांना सुट्टी नाही. ते ‘बघू’ मला फार लागतं. माझ्या घरचं पाणी माझ्याच नातीला चालत नाही, हे आठवलं की घास उतरत नाही.

संकल्प : हे पाणी मी स्वतः तपासून प्रमाणित करणार. मगच लेकीला बोलावणार. वर्ष संपायच्या आत छकुली या स्वयंपाकघरात रांगली पाहिजे.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ

यंत्र बसवणाऱ्या मेकॅनिकची उलटतपासणी घेतली. माणूस हसरा आहे. खात्यात आमचा शिरस्ता होता, हसऱ्या दुकानदाराची वजनं आधी तपासायची.

विचारलं, ते किरण दिसतात का? म्हणाला, नाही काका, अल्ट्राव्हायोलेट डोळ्यांना दिसत नाही. मग हा निळा उजेड कसला? म्हणाला, ती दिवा चालू असल्याची खूण. म्हणजे जे काम करतं ते दिसत नाही आणि जे दिसतं ते काम करत नाही. वा! विचारलं, मेलेल्या जंतूंचं पुढे काय होतं? म्हणाला, ते पाण्यातच राहतात काका, पण त्यांची वाढ बंद होते, म्हणून आपल्याला बाधत नाहीत. म्हणजे यंत्र मारत नाही, कुटुंबनियोजन करतं!

हिने त्याला चहा दिला. वर बिस्किटंही दिली. मला बिस्किटं मागावी लागतात. नोंद घेतली.

५ नोव्हेंबर

शास्त्रीय चाचणी. माझा जुना पितळी तराजू माळ्यावरून काढला, पुसला, दांडी सरळ केली. एका पारड्यात नळाचं पाणी, दुसऱ्यात यंत्राचं. भांडी सारखी, मापं सारखी.

काटा मध्यावर. तसूभर हलला नाही.

म्हणजे यंत्राने पाण्यातून काहीही काढलेलं नाही. वजनाला वजन बरोबर. हे मी हिला दाखवलं, तर ही म्हणाली, जंतूंना असं कितीसं वजन असणार? मी म्हटलं, वजन नाही अशी वस्तू जगात नाही. ही म्हणाली की तराजू ओट्यावरून उचला, मला कणीक मळायची आहे.

दुपारी नळाचं पारडं किंचित खाली गेलेलं दिसलं. आनंद झाला. बघतो तर त्यात माशी पडली होती.

८ नोव्हेंबर

आज अचानक तपासणी. यंत्राला कल्पना न देता.

खिडकीत निळा उजेड होता. मी पेपर वाचत वाचत, दुसरीकडेच बघत, ओट्यापाशी गेलो आणि एकदम झाकण ओढलं. आत अंधार!

दिवा बंद. ठार बंद. झाकण लावलं, खिडकी निळी. उघडलं, अंधार. लावलं, निळी. मी ओट्याला टेकून उभा राहिलो. नोकरीत नाना प्रकार बघितले. मला बघून काटा नीट करणारे बघितले, वजनं बदलणारे बघितले, दुकानाला कुलूप लावून मागच्या दाराने पळालेला एक बघितला. पण निरीक्षकाने बघितलं की कामच थांबवणारं यंत्र पहिल्यांदा बघतोय.

कुठेतरी पाणी मुरतंय.

९ नोव्हेंबर

झाकण हळू उघडून बघितलं. झटकन उघडून बघितलं. शीळ घालत, पाठ फिरवून, हात मागे नेऊन उघडलं. ओटा पुसायचं निमित्त करून फडक्याआडून उघडलं. प्रत्येक वेळी अंधार.

मेकॅनिकला फोन. म्हणाला, काका, ती सेफ्टी आहे, ते किरण डोळ्यांना वाईट, म्हणून झाकण उघडलं की दिवा आपोआप बंद होतो, झाकण पूर्ण बसलं की लागतो. उत्तर इतकं तयार होतं, की अडखळला सुद्धा नाही. खरं बोलणारा माणूस थोडा तरी अडखळतो.

जावयांना फोन केला. ते इंजिनिअर. त्यांनीही शब्दशः तेच सांगितलं, झाकण पूर्ण बसलं की लागतो. हे दोघे एकमेकांना ओळखतात का, याचा तपास करायला हवा. आणि जावई इंजिनिअर खरे, पण रस्त्यांचे.

जाता जाता विचारलं, येताय ना? म्हणाले, तिला विचारून सांगतो.

१२ नोव्हेंबर

पंचनामा. समोरच्या फ्लॅटमधले वकील आमचा पेपर परत करायला आले होते, त्यांनाच पंच केलं. झाकण बंद असताना निळा उजेड आढळून आला, उघडताच नाहीसा झाला, असं लिहून त्यांची सही घेतली.

वकील म्हणाले की मग फ्रिजचाही पंचनामा करा. मी म्हटलं, फ्रिज प्रामाणिक आहे, दार उघडलं की त्याचा दिवा लागतो. त्यावर ते म्हणाले, आणि दार बंद केल्यावर विझतो, हे तुम्ही कधी बघितलंत?

ते गेल्यापासून चैन नाही. चारदा फ्रिज उघडला. ही म्हणाली की दूध नासेल.

१४ नोव्हेंबर

निर्णय झाला. यंत्र सील करायचं.

एकदा सील ठोकलं की आत कुणाला हात घालता येत नाही, लबाडी आहे त्या जागी अडकून पडते आणि मग सवडीने पकडता येते. निवृत्तीच्या दिवशी खात्याने आठवण म्हणून सील मारायची पक्कड दिली होती, सोबत तार आणि शिशाचे गोळे. झाकणाच्या कडेतून तार ओवली, मागून फिरवून आणली, पुढे शिशाचा गोळा घालून पक्कड दाबली. शिक्का स्पष्ट उमटला. इतक्या दिवसांनी पक्कड हातात आली तर खरं सांगतो, डोळे भरून आले.

सील मारताक्षणी निळा उजेड गेला आणि मिनिटभराने खाली तांबडा ठिपका पेटला. आत कुईं कुईं आवाज सुरू झाला. कुणाच्याही लक्षात येईल! चाळे बंद पडले म्हणून यंत्राचा थयथयाट चालू आहे. रंगेहाथ सापडलेला माणूसही आधी आवाजच चढवतो.

ही म्हणाली, अहो, त्या तारेमुळे झाकण नीट बसलेलं नाही, बघा, कडेला फट आहे. मी शांतपणे सांगितलं की सील खात्याच्या पद्धतीने मारलेलं आहे. ही बराच वेळ त्या तांबड्या ठिपक्याकडे बघत राहिली.

१५ नोव्हेंबर

कुईं कुईं चालूच. आवाज येतो त्या जाळीत कापूस कोंबला. तांबड्या ठिपक्यावर काळी चिकटपट्टी लावली. आता यंत्र निमूट आहे. पाणी छान येतं.

संकल्प : आजपासून नमुना म्हणून मी स्वतः थेट यंत्राचंच पाणी पिणार. छकुलीच्या आधी आजोबा. काचेची बाटली भरून बुचाला सील केली आणि कपाटात कुलपात ठेवली. किल्ली खिशात. रोज सकाळी सील तपासायचं, फोडायचं, दिवसभर तेच पाणी प्यायचं, रात्री बाटली भरून पुन्हा सील. हिला म्हटलं, तूही पी. म्हणाली, माझं मी बघते.

१८ नोव्हेंबर

पोट बिघडलं. निवृत्तांच्या मासिक सभेतला चहा. तिथला कप मला तेव्हाच संशयास्पद वाटला होता.

२० नोव्हेंबर

अजून बरं नाही. सभेचा चहा फारच जहाल असणार. सभेतल्या दोघांना फोन करून विचारलं, दोघेही ठणठणीत. मला वाईट वाटू नये म्हणून लपवत असावेत.

मऊ भात खाल्ला. अशक्तपणा आला की भरपूर पाणी प्यावं म्हणतात, म्हणून बाटली दोनदा भरली.

२२ नोव्हेंबर

घातपात!

सकाळी कपाट उघडलं, बाटलीचं सील सैल. तार ओढलेली. पाणी काठोकाठ, पण हाताला बाटली कोमट लागली. घरात मी आणि ही, तिसरं कुणी नाही. हिला विचारलं तर म्हणाली, किल्ली तुमच्याच खिशात असते ना? पण ती पँट काल धुवायला टाकली होती, हे मी विसरलेलो नाही.

पाणी मोरीत ओतलं. यंत्रातून ताजं भरलं. नवं सील, दोन गोळे.

२४ नोव्हेंबर

गॅस संपला. मागचा आता आता तर लावला होता. सिलिंडर वजनाला कमी देतात, हे मी खात्याला कितीदा लिहून कळवलं आहे. नव्या सिलिंडरवाल्याला जिन्यात उभं करून वजनकाटा मागितला. सिलिंडर बरोबर भरलं. म्हणजे काटा चुकीचा.

आणखी एक. पहाटे स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून वाफ धरलेली असते. विचारलं तर ही म्हणते, चहा ठेवला होता. दोन माणसांच्या चहाला मोठं पातेलं? ओट्यावर कोपऱ्यात झाकलेली कळशी असते, तीही नवीच दिसते. वर ताट, ताटावर वजन म्हणून माझाच पितळी अर्धा किलो.

माझा संशय : ही चोरून डबे करून देते. कुणाला, ते शोधायचं आहे.

२७ नोव्हेंबर

जिन्यात पाळत ठेवली. डबा न्यायला कुणी आलं नाही. वकील आले. म्हणाले, तुमचा चेहरा उतरलाय, बरे आहात ना? मी म्हटलं, तपासाचा ताण.

पट्ट्याला नवं भोक पाडलं. चामडं वापरून वापरून ताणतं.

ही मात्र खणखणीत. त्याच घरात राहते, तेच खाते. एकदाही पोट बिघडलेलं नाही. संशयास्पद.

२९ नोव्हेंबर

लेकीचा फोन. पाण्याबद्दल चकार शब्द नाही. मी यंत्राचं सांगायला लागलो तर मध्येच थांबवून म्हणाली, बाबा, तुम्ही काय खाताय, झोप लागते का, डॉक्टरकडे गेलात का? माझ्या पोटाचं हिला कुणी सांगितलं? मग आईकडे फोन द्या म्हणाली. ही फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दार लोटून घेतलं.

दाराला कान लावला. बाहेर रिक्षा होती. काही ऐकू आलं नाही.

१ डिसेंबर

आता माघार नाही. तीन बाटल्या प्रयोगशाळेत नेऊन दिल्या. पहिली नळाची. दुसरी यंत्राची. तिसरी, ही दुकानात गेली होती तेव्हा, त्या झाकलेल्या कळशीतली. अर्धा किलो जागच्या जागी ठेवला.

प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या की नुसतं चिकटपट्टीने बंद केलं तरी चाललं असतं. मी सील मारून नेली होती. फोडायला त्यांना सांडशी मागवावी लागली.

६ डिसेंबर

विजय!!

रिपोर्ट आला. नळाचं पाणी : पिण्यास अयोग्य. यंत्राचं पाणी : पिण्यास अयोग्य. दोन्हींत तेच जंतू, तितकेच. म्हणजे तराजूने जे सांगितलं तेच प्रयोगशाळेने सांगितलं. कंपनीचं पितळ उघडं पडलं. मी एकटा म्हणत होतो. एकटा!

हिला रिपोर्ट मोठ्याने वाचून दाखवला. ही म्हणाली, मग आता तरी ती बाटली बंद करा. मी म्हटलं, आता तर ती मुद्देमाल आहे. निकाल लागेपर्यंत नमुना चालू ठेवावा लागतो. हिने कपाळाला हात लावला.

तिसरा नमुना, कळशीचा : पिण्यास योग्य. जंतू शून्य.

यावर विचार करतो आहे.

७ डिसेंबर

विचार झाला. कळशीतच काहीतरी आहे. धातू! जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. दिवा नको, बटण नको, झाकण उघडून कधीही बघा, कळशी तीच. जावयांना सविस्तर कळवलं. ते म्हणाले, हो का? आणि फोन ठेवून दिला. थक्क झाले असावेत.

सकाळीच कंपनीच्या ऑफिसात पत्र नेऊन दिलं. पंचनामा आणि रिपोर्टची प्रत जोडली. दुपारीच मेकॅनिक दारात. म्हणाला, काका, एकदा झाकण बघू द्या, दोन मिनिटांचं काम आहे. मी उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. आरोपीला मुद्देमालाला हात लावू देत नाहीत. ही मागून म्हणत होती, बघू दे ना त्याला. बिस्किटांचा अर्थ आता कळला.

१० डिसेंबर

लेकीचा फोन. येत्या वीस तारखेला येतायत! जावई, लेक, छकुली. चांगल्या आठ दिवसांसाठी!

फोन ठेवला आणि खुर्चीवर बसलो. आनंदाने, आणि थोडा अशक्तपणानेही. रिपोर्टचा परिणाम. लेकीला कळलं की बाप डोळ्यांत तेल घालून पाण्यावर बसला आहे. इतके महिने जे ‘बघू’ होतं ते ‘येतो’ झालं. ही म्हणाली की आता तुम्ही शांतपणे पडून राहा. पडून कसा राहू?

संकल्प : वीस तारखेला सगळ्यांसमोर यंत्राचं प्रात्यक्षिक. सील सगळ्यांना दाखवायचं, रिपोर्ट वाचायचा, मग छकुलीला कळशीतलं पाणी माझ्या हाताने पाजायचं. भाषणाचे मुद्दे काढले.

१५ डिसेंबर

पट्ट्याला आणखी एक भोक. आता हा पट्टा टाकून द्यायला हवा.

२० डिसेंबर, दुपार

आली! छकुली केवढी झाली! दोन दात. हात धरला की उभी राहते. मला ओळखलं नाही, आधी रडली, मग माझा चष्मा ओढला आणि हसली. लेक मात्र मला बघून दारातच थांबली. म्हणाली, बाबा, काय हे. पिशव्या तशाच खाली ठेवून जवळ आली आणि माझा दंड धरून बघितला.

जेवण झालं की प्रात्यक्षिक.

२० डिसेंबर, संध्याकाळ

झालं ते क्रमाने लिहितो.

सगळे स्वयंपाकघरात जमले. वकिलांनाही बोलावलं होतं, पंच म्हणून. छकुलीला मी कडेवर घेतलं, म्हणजे तिलाही नीट दिसेल. मी म्हटलं की हे यंत्र चौदा नोव्हेंबरपासून माझ्या सीलखाली आहे, आत कुणाचाही हात गेलेला नाही, आणि या काळात त्याने एकही जंतू अडवलेला नाही. रिपोर्ट उलगडायला एक हात सोडला.

तेवढ्यात छकुलीने पुढे झेप घेऊन शिशाचा गोळा मुठीत धरला. चकाकतो ना. मी सोडवायला गेलो, तिने सगळं अंग मागे टाकलं आणि ओढलं. पक्कड माझ्या हातात पूर्वीसारखी बसत नाही बहुतेक. तार सुळकन निघून आली. झाकण आपोआप बसलं. टक्.

खिडकी निळी झाली.

जाळीतल्या कापसाआडची कुईं कुईं थांबली, तेव्हा कळलं की ती इतके दिवस चालूच होती. मी त्या निळ्या उजेडाकडे बघत होतो. सगळे त्याच्याचकडे बघत होते. म्हणून छकुलीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

लेक किंचाळली. गोळा छकुलीच्या तोंडात होता.

शिसं. विष. खात्यात नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगायचो की सील मारल्यावर हात धुवा. हिने छकुलीला माझ्या कडेवरून ओढून घेतलं, पालथं धरलं, बोट घालून गोळा काढला, तोंड धुतलं. गोळा अख्खा होता, फक्त दोन दातांचे ठसे उमटले होते. पोर भोकाड पसरून रडली आणि मग पाणी मागायला लागली.

मी यंत्राकडे गेलो. ही म्हणाली, थांबा. कळशीवरचा अर्धा किलो उचलला, ताट काढलं, वाटीत पाणी घेतलं आणि छकुलीला पाजलं. मी म्हटलं की हो, कळशीचंच, तो धातू. ही म्हणाली, धातू कसला डोंबलाचा, उकळलेलं आहे ते. तुम्ही ती तार लावलीत आणि तांबडा दिवा लागला, त्या दिवसापासून रोज पहाटे मोठं पातेलंभर उकळते आहे मी.

जावई खिडकीबाहेर बघत होते. वकील म्हणाले की मी निघतो, पेपर उद्या देतो.

मी हिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं, झाकणाला फट आहे म्हणून. मग तुमच्या बाटलीतलं पाणी बदलून बघितलं. तुम्ही ते मोरीत ओतलंत.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, गोळा अख्खा निघाला असेल तर काळजी नको, पोरीवर लक्ष ठेवा, उद्या दाखवून न्या. लेक छकुलीला घेऊन आत गेली. मी पक्कड, तार आणि उरलेले गोळे पिशवीत घालून हिच्या हातात दिले. कुठे ठेवणार, ते विचारलं नाही.

२१ डिसेंबर

छकुली छान. डॉक्टरांनी बघितलं, खेळायला सोडा म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, यांचं काय? लेकीने मला त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसवलं. माझंच वजन केलं. काटा बरोबर होता, मी आधी शून्य बघून घेतलं. औषध दिलं. यंत्राचं पाणी दुरुस्ती होईपर्यंत बंद. दुरुस्ती काही नाही म्हणा.

घरी येताना लेकीला म्हटलं, निदान माझ्या रिपोर्टमुळे तू आलीस, एवढं तरी झालं. ती म्हणाली की रिपोर्टचं तिला जावयांनी सांगितलंच नव्हतं. आईचा फोन आला होता. बाबा तीन आठवडे आजारी आहेत, कुणाचं ऐकत नाहीत, पट्ट्याला नवं भोक पाडलंय, तू ये. पाण्याचं काय करू, असं तिने विचारलं, तर आई म्हणाली की पाणी उकळून ठेवते, तू फक्त ये.

मी म्हटलं, म्हणजे छकुलीसाठी नाही, माझ्यासाठी आलीस? म्हणाली, हो बाबा. रस्त्याकडेच्या कठड्याला धरून उभा राहिलो. म्हटलं अशक्तपणा आहे. तिने हो म्हटलं.

संध्याकाळी हिने मला काम दिलं आहे. पातेलं गॅसवर ठेवलंय, उकळी आली की सांगायचं. एवढंच काम. छकुली आईच्या मांडीवर बसून दारातून माझ्याकडे बघते आहे.

बराच वेळ झाला तरी आवाज येईना. माझ्याने राहवेना. एकदम झाकण उचललं.

खाली वाकून बघितलं. ज्योत निळी. चालूच होती.